निंबर्ग्याची पोरं आणि काचेपलीकडचा समुद्र

कर्नाटकातल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी साधारण 10-11 एप्रिलला लागते आणि मे संपता संपता त्या पुन्हा भरतात. तेलंगणातल्या शाळा सुटायला 23-24 एप्रिल उजाडतो. महाराष्ट्रातली मुले मेच्या तोंडावर मोकळी होतात आणि जूनच्या मध्यापर्यंत हुंदडतात. तारखा दर वर्षी दोन-चार दिवस मागेपुढे होतात, पण हा क्रम सहसा बदलत नाही. आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्यासारख्या सीमेवरच्या गावात हे तिन्ही हिशेब एकाच घरात नांदतात. पोरं कलबुर्गी जिल्ह्यातल्या शाळेत, आत्या सोलापूरला, मामा नोकरीसाठी हैदराबादला. सहलीचा विषय निघाला की ठरलेले वाक्य येते, "सोलापूरची पोरं येऊ देत, मग सगळे मिळून जाऊ." म्हणजे मे महिना. तीन राज्यांच्या सुट्या एकत्र, डोक्यावर उन्हाचा कडाका आणि फाटकावर लांबच लांब रांग.

मत्स्यालय असो, सागरी उद्यान असो की लाटांचा तलाव असलेले जलउद्यान, तिथला दिवस कसा जाणार हे बरेचसे दोन महिने आधी कॅलेंडरवर ठरते. उरलेले ठरते ते घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसावरून. हे दोन धागे हातात ठेवले तर सुटीतही सुखाने फिरता येते.

सुटी आपली हवी, त्यांची नको

निंबर्ग्याच्या कुटुंबासाठी सोन्यासारखे दिवस म्हणजे 11 ते 22 एप्रिल. आपली शाळा सुटलेली, हैदराबादची अजून भरलेली, तमिळनाडूत परीक्षांचा मोसम. यातही मंगळवार, बुधवार, गुरुवार सर्वांत शांत. 14 एप्रिलची आंबेडकर जयंती, गुड फ्रायडे, दुसरा शनिवार आणि त्यांना जोडून येणारे रविवार वगळावेत. शेतीच्या अंगानेही हा काळ सोयीचा असतो. तुरीची रास होऊन गेलेली असते, पेरणीला अवकाश असतो आणि घरातली जबाबदार माणसे दोन-तीन दिवस निघू शकतात.

दसऱ्याच्या सुटीचा मोह मात्र फसवा. कर्नाटकात दसऱ्याला मोठी सुटी असते हे खरे, पण त्याच दिवसांत तेलंगणात बतुकम्मा आणि दसऱ्याची सुटी असते आणि तमिळनाडूत तिमाही परीक्षेनंतरची. नाताळ ते नववर्ष हा आठवडा देशभर गर्दीचा, शिवाय आळंद-कलबुर्गी पट्ट्यात तुरीच्या काढणीचा. संक्रांतीला चेन्नईचा बेत आखणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. पोंगलच्या दिवसांतल्या 'काणुम पोंगल'ला अख्खे चेन्नई समुद्रकिनाऱ्याकडे लोटते आणि त्या बाजूचे रस्ते तुंबतात.

सोलापूरच्या भाच्यांशिवाय जायचेच नसेल तर मे महिन्यावाचून इलाज नाही. तरीही वार आपल्या हातात असतो. मे महिन्यातला बुधवार आणि मे महिन्यातला रविवार यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पाहायचे की भिजायचे?

सहलीआधी घरात हा प्रश्न एकदा नीट मिटवावा, कारण 'समुद्री दुनिया' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली पाहण्याची. चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवर इंजांबाक्कम इथे 2019 साली सुरू झालेले व्हीजीपी मरीन किंगडम हे त्यातले आपल्याला रेल्वेने गाठता येण्यासारखे ठिकाण. वर्षावन, दरी, खारफुटी, किनारा आणि खोल समुद्र अशा पाच भागांतून चालत जायचे आणि शेवटी पाण्याखालच्या बोगद्यातून, डोक्यावरून जाणारे शार्क आणि पाकट पाहायचे. सगळे छपराखाली आणि वातानुकूलित. आजी-आजोबांना, तान्ह्या बाळाला, पाण्याची धास्ती असणाऱ्याला हे मानवते.

दुसरी भिजण्याची. हैदराबादजवळ रावीर्याल इथले वंडरला एप्रिल 2016 मध्ये सुरू झाले. तिथे मासे नाहीत. लाटांचा तलाव, घसरगुंड्या आणि पाळणे आहेत. आठ वर्षांपुढच्या पोरांचा जीव तिथेच रमतो.

मुंबईचे नाव निघाले की जुनी माणसे मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाची आठवण काढतात. 1951 साली सुरू झालेले, 2015 मध्ये नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलेले हे मत्स्यालय कोविडच्या काळात बंद झाले, तेव्हा त्या भरवशावर मुंबईचे तिकीट काढू नये. मुंबईला जाणे होणारच असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेतले पेंग्विन पाहावेत. 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मार्च 2017 पासून लोकांना पाहायला खुले आहेत. राणीची बाग बुधवारी बंद असते, म्हणजे एरवीचा आपला 'शांत बुधवार' तिथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट पोरांना आधीच सांगून ठेवावी. मोबाइलवरच्या व्हिडिओंत चेंडू उडवणारे, कडीतून उड्या मारणारे डॉल्फिन दिसतात. ते परदेशातले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळ असा प्रयोग झाला होता आणि बाहेरून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले. 2013 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने देशात डॉल्फिनचे खेळघर उभारायला परवानगी नाकारली. अबू धाबीत मे 2023 मध्ये सुरू झालेल्या सीवर्ल्डची छायाचित्रे आखातातल्या नातेवाइकांकडून येतात, त्यामुळे पोरांच्या अपेक्षा उंच असतात. डॉल्फिन पाहायचेच असतील तर मालवण-तारकर्लीला सकाळी लवकर होडीने जावे. ते मोकळ्या समुद्रातले, मनाला येईल तेव्हा दिसणारे. पावसाळ्यात, साधारण मेअखेर ते ऑगस्टअखेर, त्या होड्या बंद असतात.

पाहणे आणि भिजणे एकाच दिवसात कोंबू नये. तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या नादात दोन्ही अर्धवट राहतात.

जायचे कसे

आळंदहून कलबुर्गी गाठावे, तिथून रेल्वे. मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्या सोलापूर, कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंटकल अशा जातात. कलबुर्गी ते चेन्नई प्रवासाला तेरा-चौदा तास तरी धरावेत. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते. म्हणजे 16 एप्रिलला निघायचे तर फेब्रुवारीच्या मध्यालाच हालचाल हवी. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धे भाडे, बर्थ हवा तर पूर्ण. रात्रभराच्या प्रवासात दहा वर्षांच्या पोराला बर्थ न घेणे म्हणजे घरातल्या एका मोठ्या माणसाची झोप विकणे, आणि दुसऱ्या दिवशी तेच माणूस उद्यानात चिडचिड करते.

कलबुर्गीपर्यंतच्या साध्या बसमध्ये कर्नाटकातल्या महिलांना जून 2023 पासून शक्ती योजनेत तिकीट नाही. त्यासाठी राज्याचा पत्ता असलेले ओळखपत्र लागते. सोलापूरच्या आत्याला मात्र कंडक्टर तिकीट फाडणारच.

हैदराबादला बारा-पंधरा जणांचा गोतावळा असेल तर क्रूझर परवडते. कलबुर्गी, हुमनाबाद, झहीराबाद, संगारेड्डी असा रस्ता आहे आणि हुमनाबादपासून पुढे पुणे-मछलीपट्टणम महामार्ग लागतो. पाटणचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागले की शहरात न शिरता थेट रावीर्यालच्या बाजूला उतरता येते. हैदराबादच्या आतल्या वाहतुकीत दोन तास घालवण्यापेक्षा टोल भरलेला बरा. पहाटे तीनला निघून त्याच रात्री परतण्याचा बेत बरेच जण करतात. तो टाळावा. दिवसभर जागा असलेला ड्रायव्हर रात्री महामार्गावर धोक्याचा असतो. आदल्या संध्याकाळी पोचून मामाकडे किंवा लॉजवर मुक्काम करावा आणि सकाळी ताजेतवाने फाटकावर उभे राहावे.

तिकिटाआधी मोजपट्टी

जलउद्यानांत मुलाचे तिकीट सहसा वयावर नव्हे, उंचीवर ठरते आणि कुठल्या घसरगुंडीवर कोणाला सोडायचे तेही उंचीवरच. म्हणून निघण्याआधी प्रत्येक पोराला दाराच्या चौकटीला उभे करून उंची मोजावी आणि उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरचे नियम ताडून पाहावेत. "तुला तो मोठा पाळणा मिळणार नाही" हे घरी कळले तर अर्ध्या तासाचा रुसवा, तासभर रांगेत उभे राहून कळले तर दिवसभराचा.

तिकीट त्याच अधिकृत संकेतस्थळावरून काढावे. सुट्यांत हुबेहूब दिसणारी बनावट पाने आणि "अर्ध्या दरात पास" असे व्हॉट्सअॅप संदेश फिरतात. काही उद्याने दहावी-बारावीच्या हॉल तिकिटावर किंवा कॉलेजच्या ओळखपत्रावर सवलत देतात, ज्येष्ठांनाही देतात. ती घ्यायची तर मूळ कागद सोबत हवा. रांग टाळणारे जादा दराचे तिकीटही असते. एप्रिलमधल्या साध्या बुधवारी ते बहुधा वाया जाते, मेमधल्या रविवारी कामाला येते.

खर्चाची बेरीज करताना प्रवेशाबरोबर लॉकर, भाड्याचे कपडे, आतले जेवण आणि वाहन उभे करण्याचे पैसेही धरावेत. पाण्यात उतरायला नायलॉन किंवा तत्सम कापडाचे कपडे लागतात. साडी, सलवार, जीन्स, सुती बनियन चालत नाही. घरातल्या बायकांचा दिवस नेमका इथेच बिघडतो. लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख कलबुर्गी-सोलापुरात आधीच पाहून घेतला तर मापाचा आणि मनासारखा मिळतो आणि फाटकाजवळच्या दुकानात घाईने काहीतरी उचलावे लागत नाही. जी काकू पाण्यात उतरणारच नाही, तिला पूर्ण तिकीट काढून दिवसभर पिशव्या राखायला बसवण्यात काय हशील? त्या दिवशी तिला मामीबरोबर सालारजंग संग्रहालय पाहू द्यावे. शुक्रवारी ते बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

पहिले दोन तास

उद्यान उघडण्याच्या अर्धा तास आधी फाटकावर हजर राहिले तर पहिल्या दोन तासांत जेवढे होते तेवढे दुपारच्या चार तासांत होत नाही. आत शिरल्यावर जवळचे पाळणे सोडून लांबच्या टोकाला जावे, कारण गर्दी दारापासून आत सरकते. ज्या घसरगुंडीला सर्वांत मोठी रांग लागते ती आधी उरकावी. जेवायला साडेअकरालाच बसावे. एक वाजता उपाहारगृहात ताटकळणाऱ्यांना पाहत आपण रिकाम्या रांगांकडे निघालेले असतो.

बाहेरचे खाणे बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. धपाटे, दशम्या, शेंगांची चटणी यांचा डबा गाडीत ठेवावा आणि फाटकाआधी पोटभर न्याहारी करून घ्यावी. बाळाचे खाणे आणि औषधे सहसा अडवत नाहीत. औषधाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असलेली बरी.

मत्स्यालयात क्रम उलटा. तिथे पळापळ केली तर तासाभरात सगळे संपते आणि पोरं विचारतात, "एवढंच?" त्यावर सोपा उपाय आहे. घरून निघताना प्रत्येकाला शोधायला एकेक गोष्ट द्यावी. एकाने पाकटाचे तोंड शोधायचे. ते पोटाच्या बाजूला असते आणि पाकट काचेला चिकटून वर सरकला की हसऱ्या चेहऱ्यासारखे दिसते. वर जे डोळे वाटतात त्या मुळात नाकपुड्या असतात, खरे डोळे पाठीच्या बाजूला. दुसऱ्याने नारिंगी-पांढरा विदूषक मासा समुद्रफुलात लपलेला शोधायचा. हे मासे जन्मतः नर असतात आणि टोळीतली मादी मेली की त्यातला मोठा नर मादी होतो. तिसऱ्याने समुद्रघोडा पाहायचा, ज्यात पिल्ले पोटाच्या पिशवीत बाळगण्याचे काम बाप करतो. ही माहिती पोरांनी आजीला सांगावी आणि आजीने "काय सांगतोस!" म्हणावे, एवढ्यावर अर्धा तास आनंदात जातो.

बोगद्यात पाऊल टाकताना वयस्कर माणसे थबकतात. बाहेरचा लख्ख उजेड एकदम निळ्या अंधारात बदलतो, पायाखालचा रस्ता दिसत नाही, डोक्यावरून सावली सरकते आणि हात आपोआप कठडा शोधतो. दाराशीच मिनिटभर थांबून डोळे सरावू द्यावेत, मग पुढे जावे. वरची कमान काचेची नसून जाड अॅक्रिलिकची असते. तिच्या गोलाईमुळे मासे खऱ्यापेक्षा लहान दिसतात. पोरांना हे सांगितले की ती शार्ककडे जरा आदराने पाहू लागतात. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून मोबाइल थेट भिंतीला टेकवावा, म्हणजे आपलेच प्रतिबिंब येत नाही. भिंतीवर टकटक करू नये. तो हादरा पाण्यातून माशांपर्यंत पोचतो.

चेन्नईत एक दिवस जास्त असेल तर त्याच ईस्ट कोस्ट रोडवर पुढे 1976 साली स्थापन झालेली मद्रास क्रोकोडाइल बँक आहे आणि त्याच्याही पुढे महाबलिपुरम. मगरींची ही बँक सोमवारी बंद असते.

लाटांच्या तलावात

भोंगा वाजतो. इकडेतिकडे विखुरलेली माणसे ओरडत तलावाकडे धावतात आणि पुढची काही मिनिटे खांद्याला खांदा लागतो. लाट उंच असते ती खोल बाजूला, पोरांची ओढही तिकडेच. गावाकडे विहिरीत डबा किंवा भोपळा बांधून पोहायला शिकलेली पोरं इथे जास्त जपायला हवीत. विहिरीचे पाणी स्थिर असते आणि काठावर ओळखीची माणसे असतात. इथे लाट पायाखालची फरशी काढून घेते आणि शेजारच्या अनोळखी माणसाचे कोपर तोंडावर बसते.

बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीला वर-खाली होत राहते आणि आवाज फुटत नाही. म्हणून "सगळे बघताहेत" या भरवशावर राहू नये. सगळे बघत असतात तेव्हा कोणीच बघत नसते. मोठ्यांनी पाळ्या लावाव्यात. वीस मिनिटे अण्णाची, वीस मिनिटे काकाची. पाळीवरच्या माणसाच्या हातात मोबाइल नको आणि मूल त्याच्या हाताच्या अंतरावर हवे. लहान्यांना उद्यानाचे लाइफ जॅकेट घालावे. हवा भरायची खेळण्यातली चाके त्याची जागा घेत नाहीत.

एप्रिलच्या दुपारी भिजलेल्या अंगाला ऊन जाणवत नाही, पण त्वचा भाजतेच. बारा ते तीन या वेळात छपराखालचे खेळ, जेवण आणि सावलीतली विश्रांती ठेवावी. सिमेंटची फरशी तापून पायांना चटके बसतात, तेव्हा रबरी चपला जवळ ठेवाव्यात. पाण्यात असलो तरी घाम जातो. मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस अधूनमधून सगळ्यांना, विशेषतः आजोबांना, आठवणीने द्यावे.

हात सुटला तर

सकाळी फाटकासमोर सगळ्या पोरांचा एक फोटो काढावा. घरचा जुना फोटो उपयोगाचा नाही. हरवलेल्या पोराच्या अंगात आज काय आहे तेच सुरक्षारक्षक विचारतात. भिजायला जाणार असाल तर पोहण्याच्या कपड्यांतला फोटोही हवा. मनगटावर न पुसणाऱ्या शाईने मोबाइल क्रमांक लिहावा, आणि तो ज्याचा मोबाइल लॉकरमध्ये जाणार नाही अशा माणसाचा असावा. आत शिरताच एक ठळक जागा ठरवून प्रत्येक पोराला तिथवर चालवत न्यावे. पोरांना एकच सूचना पुरे: हात सुटला तर शोधत फिरायचे नाही, गणवेशातल्या माणसाकडे जायचे.

हैदराबादेत आपली दखनी-हिंदी बिनबोभाट चालते. चेन्नईत पाट्या तमिळ आणि इंग्रजीत असतात, तेव्हा इंग्रजी वाचणारे एक मोठे पोर प्रत्येक गटात असावे. मदतीसाठी 112, हरवलेल्या किंवा संकटातल्या मुलांसाठी 1098 आणि रेल्वेसाठी 139 हे क्रमांक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवावेत.

निघण्याची वेळ

उद्यान बंद होण्याच्या तासभर आधी पाण्याबाहेर यावे. शेवटच्या अर्ध्या तासात कपडे बदलायच्या खोल्या आणि लॉकरपाशी सकाळच्या फाटकापेक्षा जास्त रेटारेटी असते. क्लोरिनचे पाणी अंगावर वाळू न देता स्वच्छ पाण्याने आंघोळ करावी, कान कोरडे पुसावेत, ओले कपडे पिळून वेगळ्या पिशवीत घालावेत. सकाळचे राहिलेले धपाटे याच वेळी सगळ्यात गोड लागतात. उन्हात राहिलेला डबा मात्र आधी वास घेऊन पाहावा.

परतीची गाडी निवडताना ती कलबुर्गीला किती वाजता पोचते हे पाहणे महत्त्वाचे. रात्री दोन-तीनला झोपाळू पोरांसह उतरल्यावर आळंदची बस मिळेलच असे नाही. शक्यतो पहाटे किंवा दिवसा पोचणारी गाडी धरावी. तसे जमले नाही तर पहिली बस सुटेपर्यंत स्थानकाच्या प्रतीक्षागृहात थांबावे, नाहीतर गावातला जीपवाला आधीच ठरवून ठेवावा. गाडीला उशीर झाला तर 139 वर चौकशी करून त्याला वेळेत कळवावे, म्हणजे तो निंबर्ग्याहून उगाच मध्यरात्री निघणार नाही.